बडोद्याला समुद्र नाही, हे कारण आम्हाला मान्य नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात संस्थेच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. विज्ञान कक्ष बंद करून ती खोली घरगुती समारंभांना भाड्याने द्यायची आणि या वर्षीच्या व्याख्यानमालेतून खोल समुद्राच्या शोधावरचं व्याख्यान ‘विषय स्थानिक श्रोत्यांशी निगडित नसल्याने’ वगळायचं, असे दोन ठराव त्यावर होते. खाली सही आणि शिक्का. मी कार्यालयात चौकशी केली तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हसत म्हणाले, “अहो ताई, बडोद्याला समुद्र कुठे आहे? ते मुंबई-गोव्याच्या लोकांनी बघावं.”

ते मला दुखवायला बोलले नाहीत. पण तेच वाक्य सभ्य भाषेत ठरावात उतरलं आहे, त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग आहे. कार्यालयातल्या टेबलावर दिलेलं उत्तर तिथेच विरतं, हा अनुभव जुना आहे. म्हणून हे पत्र सगळ्या सभासदांनी आणि बडोद्यातल्या मराठी मंडळींनी वाचावं अशा बेताने लिहिते आहे.

मी आपली आजीव सभासद. सासरे इथल्या वाचनालयाचे वर्गणीदार, तेव्हापासून घराचा इथे राबता. माझी नोकरी शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये झाली. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या संयंत्रात, येणारं पाणी, ईटीपीतून जाणारं पाणी, पीएच, सीओडी, क्रोमियम, हेच आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी विज्ञान कक्षात मुलांना घेऊन बसू लागले. रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली, मांजलपूरहून सायकलवर येणारी ही मुलं. घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, आणि भांडताना तिन्ही.

या मुलांनी पीव्हीसी पाइपांचा सांगाडा केला, त्यावर बोटीतलं पाणी उपसायच्या छोट्या पंपांच्या मोटरी बसवल्या आणि पाण्याखाली चालणारं एक यंत्र उभं केलं. वरून लांब वायरीने ते चालवतात. मगरींच्या विश्वामित्री नदीच्या कृपेने त्याचं नाव ‘मगर’ पडलं. मगरीच्या नाकाशी तापमानाचा थर्मिस्टर आहे आणि भंगारात निघालेला, मी दुरुस्त करून आणलेला ओआरपी मीटर आहे, म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा. गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या तळाशी, कुठल्या तरी कोपऱ्यात, मी बारीक नळीतून कोमट पाणी सोडते. त्यात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या विरघळवलेल्या असतात. कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी. मुलांनी नुसते आकडे बघून तो झरा हुडकायचा. तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने वाढतं, व्हिटॅमिन सीमुळे ओआरपीचे मिलिव्होल्ट धाडकन घसरतात, आणि मग खालच्या मजल्यावर वाचनालयात बसलेल्यांना जो आरडाओरडा ऐकू येतो त्याबद्दल आपल्याकडे तक्रारी आल्या आहेत, हे मला माहीत आहे.

खोल समुद्रातले उष्ण झरे असेच सापडतात. वगळलेल्या व्याख्यानात हेच सांगितलं जाणार होतं. ते आता होणार नाही, तेव्हा इथेच सांगते.

१९७७ च्या फेब्रुवारीत पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, ‘नॉर’ नावाच्या अमेरिकन जहाजामागे एक कॅमेरा तळालगत ओढत नेला जात होता. खोली सुमारे अडीच हजार मीटर. कॅमेऱ्याच्या जोडीला तापमान मोजणारा सेन्सर होता. तासन्‌तास काही नाही, आणि मग एका ठिकाणी तापमान किंचित चढलं आणि लगेच उतरलं. फिल्म धुतल्यावर हजारो फोटोंमध्ये काळ्या लाव्ह्याशिवाय काही दिसेना. फक्त १३ फोटोंत, तापमान चढलं त्याच क्षणांच्या फोटोंत, शिंपल्यांचे थवेच्या थवे होते. मग ‘आल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी तिथे उतरली. सूर्याचा एक किरणही जिथे पोचत नाही तिथे जिवांची गर्दी होती. जहाजावर भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ मात्र कुणी नव्हता. नमुने टिकवायला पुरेसं फॉर्मॅलिन नव्हतं, तेव्हा काही नमुने व्होडकात बुडवून ठेवावे लागले.

माझ्यासारखीला त्यातली सर्वांत जवळची गोष्ट वेगळीच वाटते. वर आणलेल्या पाण्याची बाटली लॅबमध्ये उघडली आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. हायड्रोजन सल्फाइड. नंदेसरीच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्यात ज्यांनी कधी ना कधी तो वास घेतला आहे, त्यांना तो समजावून सांगायला नको. तोच वायू तिथल्या जिवाणूंचं अन्न होतं. लांबच लांब नळीत राहणाऱ्या, लाल तुऱ्याच्या तिथल्या किड्यांना ना तोंड ना आतडं. मग ते जगतात कशावर? त्यांच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आहेत, असं हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात वक्त्याने सांगितलं, तेव्हा कॉलीन कॅव्हॅनॉ ही विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, यांच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार. १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध आला. तिचं बरोबर होतं. व्याख्यानाला विद्यार्थ्यांनी हजर असावं ते अशासाठी.

१९७९ मध्ये त्याच पाणबुडीने मेक्सिकोजवळ काळा धूर ओकणारी धुराडी पाहिली. त्यांच्या तोंडाशी तापमापक धरला तर त्याचा प्लॅस्टिकचा दांडाच वितळला. पाणी साडेतीनशे अंश सेल्सियसच्या वर होतं, आणि तरी उकळत नव्हतं, कारण दर १० मीटरला एक वातावरण या हिशेबाने तिथे शेकडो वातावरणांचा दाब असतो.

हे पाणी वर चढतं, शेकडो मीटर चढून थंड झालं की आडवं पसरतं, आणि कित्येक किलोमीटर वाहत जातं. त्यामुळे शोधणाऱ्याला धुराडं दिसायच्या खूप आधी पाण्याची रासायनिक खूण लागते. गढूळपणा किंचित वाढलेला, मिथेन, मँगनीज, आणि ओआरपीची घसरण. ही घसरण टिपणारं प्लॅटिनमचं इलेक्ट्रोड तत्त्वाने तेच, जे आमच्या ईटीपीत क्रोमियमच्या टाकीवर लावलेलं असायचं. माझी सगळी नोकरी ज्या आकड्याकडे बघण्यात गेली तो आकडा समुद्राच्या तळाशीही वाचला जातो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर रात्रपाळ्या जरा बऱ्या गेल्या असत्या.

डिसेंबर २०२४ मध्ये हेच आपल्या लोकांनी हिंदी महासागरात केलं. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र यांनी ‘ओएमई ६०००’ हा स्वयंचलित रोबोट दक्षिण हिंदी महासागरात उतरवला आणि सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या जिवंत उष्ण झऱ्याची छायाचित्रं आणली. त्यात माणूस नव्हता. वायरही नव्हती. पाण्यात रेडिओलहरी चालत नाहीत, उपग्रहाचा जीपीएस चालत नाही. निरोप जातो तो फक्त आवाजाने, सेकंदाला दीड किलोमीटर या वेगाने. सहा किलोमीटर खालच्या यंत्राला ‘थांब’ म्हटलं तर त्याला ते चार सेकंदांनी ऐकू येतं. मधल्या वेळात त्याने स्वतःची अक्कल वापरायची असते.

आता ‘बडोद्याला समुद्र कुठे आहे’ याकडे येते. तीच माझी पहिली हरकत.

देशातल्या त्सुनामीचा इशारा कुठून निघतो? हैदराबादहून. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र तिथे आहे आणि २००७ पासून इशारा केंद्रही तिथेच चालतं. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० आर्गो फ्लोट तरंगत असतात. दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान, क्षारता उपग्रहाला कळवतात. त्यांपैकी भारताच्या फ्लोटांचा हिशेबही हैदराबादेतच ठेवला जातो. हैदराबादेहून समुद्र बडोद्यापेक्षा कितीतरी लांब आहे. तिथे कुणी ‘चारमिनारला लाटा कुठे’ असं विचारून केंद्र बंद केलेलं नाही.

आणि बडोद्याचं म्हणाल तर आपल्या घरातलं पाणी कुठे जातं ते बघा. विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या घरांतून जे वाहून गेलं ते त्याच वाटेने गेलं. शहराभोवतीच्या कारखान्यांचं सांडपाणी पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून महीच्या मुखाकडे सोडलं जातं. चाळीसेक वर्षं सोडलं जातं आहे. समुद्राला आपण माहीत आहोत. आपल्याला तो माहीत असायला नको काय?

सयाजीराव महाराजांना हा प्रश्न पडला नव्हता. ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा मुलूख, राजधानीपासून कुठल्या कुठे, सौराष्ट्राच्या पार पश्चिम टोकाला. तिथल्या समुद्रात काय जगतं हे पाहायला महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाला बोलावलं. सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेला हा माणूस. त्याच्या पाहणीचा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत छापला गेला, बडोदे सरकारसाठी. ज्या काळात संस्थानाच्या गावोगावी सक्तीचं प्राथमिक शिक्षण नुकतं सुरू झालं होतं, त्याच काळात समुद्रातल्या स्पंजांच्या आणि किड्यांच्या नोंदींवरही दरबार पैसे खर्च करत होता. आपण महाराजांची जयंती साजरी करतो, हार घालतो, भाषणं करतो. मीही टाळ्या वाजवते. पण मग ठरावात ‘स्थानिक श्रोत्यांशी निगडित नाही’ हे शब्द कसे आले, हे मंडळाने मला समजावून सांगावं.

आणि कमाटीबागेतला देवमासा? बडोद्यात लहानाचं मोठं झालेलं असं कोण आहे ज्याने म्युझियममध्ये त्या सांगाड्याखाली उभं राहून वर पाहिलं नाही? निळ्या देवमाशाचा तो सांगाडा सत्तर फुटांच्या वर आहे. १९४४ मध्ये तो महीच्या मुखाशी वाहून आला. मुलांना मी तिथे नेते तेव्हा एकच प्रश्न विचारते: हा इकडे न येता समुद्राच्या तळाशी गेला असता तर? त्याचं उत्तर १९८७ पर्यंत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १,२४० मीटरवर ‘आल्विन’ला देवमाशाचा सांगाडा सापडला आणि त्यावर सगळी वस्ती. देवमाशाच्या हाडांत तेल असतं. जिवाणू ते कुजवतात, त्यातून पुन्हा तोच हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्यावर उष्ण झऱ्यांसारखीच जीवसृष्टी वर्षानुवर्षं पोसली जाते. २००२ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्याच समुद्रात हाडात मुळं रोवून राहणारा किडा मिळाला. त्यालाही तोंड नाही, आतडं नाही. हे ऐकल्यावर मुलं सांगाड्याकडे पुन्हा बघतात. हा विषय स्थानिक नसेल, तर स्थानिक कशाला म्हणायचं?

दुसरी हरकत पद्धतीला आहे. विज्ञान कक्षातलं मोठं कपाट आणि सूक्ष्मदर्शक एका सभासद बाईंनी पतीच्या स्मरणार्थ दिला आहे. देणगीपत्रात ‘विज्ञान कक्षासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते पत्र कार्यालयाच्या फायलीत आहे. खोलीचा उपयोग बदलायचा तर त्यांना विचारायला हवं होतं. पालकांना विचारायला हवं होतं. मला नाही विचारलंत तरी चाललं असतं, मी पगारी नाही. पण सर्वसाधारण सभेत आणायचा विषय कार्यकारी मंडळाच्या बैठकीत उरकला गेला, हे नियमाला धरून आहे का, ते कार्यवाहांनी लेखी कळवावं.

तिसरी हरकत सामानाबद्दल. ठराव लागला त्याच आठवड्यात खोली रिकामी झाली आणि खोकी जिन्याखालच्या पॅसेजमध्ये आली. पीएचचं इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवावं लागतं. टोपी निघून ते कोरडं पडलं की काचेचा फुगा निकामी होतो. आमची दोन इलेक्ट्रोड तशी गेली. मगरीची एक मोटर कुणीतरी काढून नेली. थायोची (सोडियम थायोसल्फेटची) आणि स्टार्चची बाटली एकाच खोक्यात उलटी पडली होती. ॲसिडची बाटली मी त्याच दिवशी घरी नेली म्हणून बरं, पॅसेजमधून मुलं खालीवर करतात. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. खोली रिकामी करणाऱ्या पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं की यात काय आहे.

त्या थायो आणि स्टार्चचं काम काय, हेही सांगून टाकते, कारण ‘जुनाट बाटल्या’ असा शब्द माझ्या कानावर आला आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ ची. मँगनीजचा क्षार, अल्कली आयोडाइड, ॲसिड, मग ब्युरेटमधून थायो, शेवटी स्टार्च, आणि निळा रंग गेला की एंड पॉइंट, म्हणजे मोजणी पुरी झाल्याची खूण. मुलं सुरसागर तलावाचं पाणी आणून ते करत. आजही जहाजावर लाखो रुपयांचा ऑक्सिजन सेन्सर खरं बोलतो की नाही ते ताडून पाहायला खोलवरचं पाणी बाटलीत भरून वर आणतात आणि हेच टायट्रेशन करतात. आपल्या अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत असा थर आहे जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी तो एक. तो वाढतो आहे की नाही हे सेन्सरच सांगणार, आणि सेन्सरला ती जुनाट बाटली खरं बोलायला लावणार.

बैठकीत आणखी दोन गोष्टी निघाल्या असं कळलं. एक, पाणबुड्यांत माणसं मरतात, मुलांच्या डोक्यात हे कशाला. १८ जून २०२३ ला ‘टायटन’ फुटली आणि आतली पाचही माणसं गेली, हे खरं आहे. ती कार्बन फायबरची होती, कुठल्याही प्रमाणन संस्थेकडून तपासून घेतलेली नव्हती, आणि जाणकारांनी २०१८ मध्येच लेखी इशारा दिला होता. ‘आल्विन’ १९६४ पासून पाण्यात जाते आहे. १९६८ मध्ये ती उतरवताना दोर तुटून बुडालीसुद्धा, माणसं सुखरूप बाहेर पडली. वर्षभराने तिला वर काढलं तेव्हा आत राहिलेली सँडविचं भिजलेली, पण न सडलेली निघाली. आपली ‘मत्स्य ६०००’ तीन माणसांना घेऊन ६,००० मीटर जाण्यासाठी बांधली जाते आहे. माणसं बसतात तो गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा. नेहमीची बुडी १२ तासांची, पण अडकलीच तर ९६ तास पुरेल इतकी तजवीज. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये शास्त्रज्ञ राजू रमेश ४,०२५ मीटर आणि निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंग ५,००२ मीटर खाली जाऊन आले, ते याच तयारीसाठी. धोका कशाने येतो आणि कशाने टळतो, हे मुलांना शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट, ‘रोबोटच शिकवायचे तर फी घेऊन कोडिंगचा क्लास काढू.’ काढा की. पण पडद्यावरचा रोबोट गळत नाही. आमची मगर गळते. गळती कुठे आहे ते शोधायला आठवीतल्या मुलीला रबरी रिंग काढून, ग्रीस लावून, पुन्हा बसवून पाहावी लागते. आणि फी म्हटली की माझ्याकडच्यांपैकी कोण येणं बंद होईल ते मी आत्ता नावं घेऊन सांगू शकते. घेत नाही.

इथवरचं सगळं आपल्या खोलीबद्दल होतं. पण मी इतकी अडून बसले आहे त्याला दुसरंही कारण आहे. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ आज भारताच्या वाट्याला आहे, म्हणजे गुजरातच्या एक तृतीयांशाहून मोठा. १९८१ च्या प्रजासत्ताक दिनी ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्रातून मँगनीजचा पहिला गोटा वर काढला. १९८७ मध्ये भारताला अग्रणी गुंतवणूकदाराचा दर्जा मिळाला आणि २००२ मध्ये जमैकातल्या आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी शोधाचा करार झाला. पाच-साडेपाच किलोमीटर खोल तळावर हे गोटे पसरलेले आहेत. त्यात निकेल, कोबाल्ट, तांबं आहे. बटाट्याएवढा गोटा व्हायला कित्येक दशलक्ष वर्षं लागतात, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपलं खणणारं यंत्र ५,२७० मीटरवर चालवून पाहिलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये मंत्रिमंडळाने ४,०७७ कोटींचं खोल महासागर अभियान मंजूर केलं.

खणावं की खणू नये, यावर माझं मत अजून पक्कं नाही. पेरूजवळच्या समुद्रतळावर १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून नांगर फिरवला. २०१५ मध्ये जाऊन पाहिलं तर नांगराची तासं तशीच दिसत होती. १९९७ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनीही मध्य हिंदी महासागरात मुद्दाम गाळ ढवळून परिणाम मोजले. म्हणजे प्रश्न माहीत आहेत. पण माणसाने स्वतः किंवा कॅमेऱ्याने डोळ्यांखालून घातलेला खोल समुद्रतळ अजून ०.००१ टक्काही नाही, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, आणि त्यातला बहुतेक चार-पाच श्रीमंत देशांनी पाहिलेला. जे पाहिलंच नाही त्याचा निकाल या मुलांच्या उमेदीच्या काळात लागणार. तेव्हा गढूळपणा किती वाढला, धातू किती सुटले, हे सेन्सर सांगतील, आणि ते आकडे वाचणारे लोक लागतील, खणणाऱ्या कंपनीच्या पगारावर नसलेले. ज्याने पाणी सोडायचं त्यानेच ते तपासायचं, ही व्यवस्था किती पुरते ते मी नोकरीत जवळून पाहिलं आहे. म्हणून आठवीतल्या मुलीला एंड पॉइंट नीट ओळखता यावा, एवढाच माझा आग्रह.

आता मागण्या.

दोन्ही ठराव स्थगित करावेत आणि येत्या सर्वसाधारण सभेत मांडावेत. तिथे ते बहुमताने मंजूर झाले तर मी पुन्हा तक्रार करणार नाही.

छताची गळती काढायला पैसे लागणार, भाडं हवं, हे मलाही दिसतं. खोली आठवडाभर द्या. रविवारी सकाळी ८ ते १२ मुलांना द्या, आणि देणगीतलं कपाट कुलूप लावून आहे तिथेच राहू द्या. समारंभाला कपाटाची अडचण होत असेल तर त्यावर पडदा लावायचा खर्च आम्ही करू.

व्याख्यान या मालेतच व्हावं, तारीख कुठलीही द्या. वक्त्यांचा प्रवासखर्च आणि राहण्याची सोय पालक मिळून करणार आहेत, संस्थेवर बोजा नाही. पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात, आणि प्रश्नोत्तरांची वेळ आभारप्रदर्शनात खाऊ नये.

पॅसेजमधल्या सामानाची यादी मी आणि कार्यालयातली एक व्यक्ती मिळून करू. खराब झालेली दोन इलेक्ट्रोड आणि हरवलेली मोटर संस्थेने भरून द्यावी. बिलाचा अंदाज सोबत जोडला आहे, फार मोठा नाही.

आणि एक विनंती. म्युझियममध्ये मुलांना गटाने न्यायचं तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र असलं की काम सोपं होतं. ते दिवाळीच्या सुट्टीआधी द्यावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. नाही मिळालं तर नियमावलीप्रमाणे विशेष सभेच्या मागणीसाठी सभासदांच्या सह्या गोळा करायला सुरुवात करीन. त्याची प्रत आपल्याला आधी देईन.

आपली,
एक आजीव सभासद, निवृत्त रसायन विश्लेषक
बडोदे

ता.क. पॅसेजमधल्या निळ्या झाकणाच्या खोक्यात काचेची ब्युरेट आहे. मांडववाले सामान आणतील तेव्हा ते खोकं हलवावं लागेलच. शिपायाला सांगून मला फोन करा, मी स्वतः येऊन उचलते.